घोंगड्यावर बसून

आमच्या वस्तीवर एखाद्याचं बोलणं खरं धरायचं असलं की त्याला घोंगड्यावर बसवून बोलायला लावतात. मेंढीच्या लोकरीचं, काळं, जाडंभरडं घोंगडं. त्यावर बसून खोटं बोलायचं नाही, एवढाच नियम. बोललं तर काय होतं हे कुणी सांगत नाही. लहानपणी मी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा पाठीत धपाटा बसला. भांडण मिटवायचं असो, सोयरीक जुळवायची असो की मत कुणाला द्यायचं हे ठरवायचं असो, बैठकीत तेच घोंगडं अंथरलं जाई. ते आमच्या घरचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. सगळे त्यांना बापू म्हणतात. बापू वस्तीचे कारभारी होते. त्यांनी त्यावर बसून एक वाक्य सांगितलं की पुढे कुणी बोलत नसे.

वस्ती पाचोडच्या अलीकडे, माळावर आहे. मी मात्र बरीच वर्षं शहरात आहे. पडेगावला माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, श्रद्धांजली, दहावीचे गुणवंत, आणि निवडणूक आली की नेते. सगळ्यात जास्त छापले ते दिल्लीतले मोठे साहेब. त्यांचं नाव इथे घेत नाही. त्यांच्या नावावरून आमच्या घरात जेवढं बोलून झालंय तेवढं पुरे आहे.

मी साहेबांचा माणूस होतो. धंद्यासाठी नव्हे, अगदी मनापासून. शाळेत माझ्या अंगाला मेंढरांचा वास येतो म्हणून मला शेवटच्या बाकावर बसवायचे. त्या मुलाला मोठेपणी टीव्हीवर कुणीतरी छाती पुढे काढून बोलताना दिसलं आणि वाटलं, हा माणूस माझ्या वतीनं बोलतोय. हे वाटणं खोटं नव्हतं. आजही मी त्याला खोटं म्हणणार नाही.

जुने फ्लेक्स मी वस्तीवर पाठवायचो. पाऊस अडवायला, उन्हाला आडोसा करायला त्यासारखं दुसरं काही नाही. बापूंनी त्यातला सगळ्यात मोठा फ्लेक्स कोकरांच्या खोपटावर छप्पर म्हणून ताणला होता, छापील बाजू आत करून. आत वाकून वर बघितलं की साहेबांचा चेहरा अंगावर यायचा. दुपारी फ्लेक्स तापून सैल पडला की त्यांचं हसू रुंद व्हायचं आणि संध्याकाळी गार होऊन ताणला गेला की तोंड मिटायचं. आई जिवंत होती तोवर त्या छपराखाली एकटी जात नसे. म्हणायची, "त्यो बघतोय म्हनून नाय रं. मी भायेर आले की त्यो कुनाला बघत असंल, त्याचं भ्या वाटतं." आम्ही तिला हसायचो.

बापूंनी साहेबांसाठी दोनदा घोंगड्यावर बसून शब्द टाकला होता. "साहेबाला," एवढंच म्हणाले होते, आणि दोन्ही वेळा वस्तीनं एकगठ्ठा मत दिलं. मग बिडकीनच्या अंगाला जमिनींचे भाव फिरले, एकेका मालकानं आपापल्या मोकळ्या रानाला तार ओढून घेतली आणि चराईच्या वाटा बंद होत गेल्या. ज्या माळावर बापूंनी हयात काढली तिथून त्यांना मेंढरं वळवून आणावी लागली. त्यावर ते काही बोलले नाहीत. बापू बोलले नाहीत की समजावं, आत काहीतरी शिजतंय.

तिसऱ्या निवडणुकीच्या आधी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यासाठी ते माझ्याकडे पडेगावला येऊन राहिले. डोळ्याला पट्टी, टीव्ही बंद, बाहेर जायचं नाही. मग दिवसभर माझ्या लेकीला मांडीवर घेऊन मेंढरांच्या गोष्टी. आमच्यात मेंढरं माणसाला चेहऱ्यानं नाही, आवाजानं ओळखतात. प्रत्येक मेंढक्याची हाळी, म्हणजे कळपाला घातलेली हाक, वेगळी असते. दुसऱ्यानं कितीही हुबेहूब घातली तरी कळप मान वर करत नाही. बापू तर मेंढरांच्याही पुढचे. आडून ओरडलेलं कोकरू कोणत्या मेंढीचं आणि ते भुकेलंय की भ्यालंय, हे ते न बघता सांगतात. त्यांच्या मते आवाज ओळखला की माणूस ओळखला, मग तोंड बघायची गरज नाही. ते लेकीला आपली हाळी शिकवत होते, "हाऽऽ येऽ ये, हाऽऽ येऽ ये," अगदी हळू, कानात सांगितल्यासारखी. मी फोनवर ते सगळं रेकॉर्ड करून ठेवलं. त्यांच्यामागे लेकीला राहील, एवढाच हेतू होता. हे मी शपथेवर सांगतो.

त्याच दिवसांत रोज चहाला आमचा वाद व्हायचा. बापूंचा एक दोस्त त्यांना बघायला यायचा. तो माळावरच्या आमच्या वस्तीशेजारच्या बौद्ध वस्तीतला, जन्मभर शहरात गवंडीकाम केलेला, म्हणून आम्ही त्याला गवंडीबाबा म्हणतो. आमच्या पडेगावातली निम्मी घरं त्याच्या हातची आहेत. त्याला साहेब पहिल्यापासून पटत नव्हते, आणि ते तो माझ्या तोंडावर सांगायचा.

मी म्हणायचो, "बापू, रस्ता कुणी दिला? गॅस कुणी दिला?"

"दिला की. नाय कुठं म्हनतो?" बापू पट्टीखालून म्हणायचे. "रस्ता दिला. रस्त्याच्या दोन्ही अंगाला तारबी आली. मेंढरं डांबर खाईनात, त्याला मी काय करू?"

"तार काय साहेबांनी येऊन ओढली का?"

"नाय ओढली. पर तार निघावी म्हनून आम्ही कितीदा अर्ज दिले, ते तरी वाचले का कुनी?"

मी चिडायचो. माझा आवाज चढला की गवंडीबाबा बापूंना कोपर मारायचे. "तुझ्या पोराला साहेब आवडतेत, आवडू दे की. पर साहेबाला काय इचारलं की ह्यो का तापायलाय? ह्यो काय साहेबाचा मेव्हना हाय?"

"तुम्हाला तर ते कधी पटलेच नाहीत," मी म्हणालो.

"नाय पटले. आता तू सांग, तुला त्यांचं काय पटत नाय? एक तरी सांग. माझ्या बायकूचंबी मला चार गोष्टी पटत नायत, अन् तिच्यासंगं मी जन्म काढला."

मी चहा ठेवायला उठलो. आमच्या घरात चहा मी कधीच ठेवत नाही, त्यामुळे बायको दारात उभी राहून बघत राहिली. ओट्याशी मी खरोखर आठवत होतो, साहेबांची एखादी न पटलेली गोष्ट. चार-पाच आठवल्या. त्या मला आधीपासून माहीत होत्या, याचाच मला राग आला. चहा घेऊन बाहेर आलो तेव्हा एकही सांगितली नाही.

शेवटच्या दिवशी पट्टी निघाली आणि बापू म्हणाले, "ह्या टायमाला मी घोंगड्यावर कुनाचंच नाव घेनार नाय. ज्याचं त्यानं बघावं."

मला ते दग्यासारखं लागलं. बापूंनी विरोध केला असता तर मी भांडलो असतो. पण हे गप्प राहणं मला सोसवेना.

आठ दिवसांनी दुकानात प्रचाराचं काम बघणारा एकजण आला. तो माझं जुनं गिऱ्हाईक. म्हणाला, "दादा, तुमच्या बापूंचा आवाज मिळतो का बघा ना. दस-पंधरा मिनट का भी चलता. आपल्या माणसाच्या आवाजात निरोप गेला की लोकांना बरं वाटतं." मी त्याला विचारायला हवं होतं ते काहीच विचारलं नाही. फोन त्याच्या लॅपटॉपला जोडला. मनात म्हणालो, दोनदा बोललेलं वाक्य बापू तिसऱ्यांदा बोलणार, यात वावगं काय? आणि मला ते पटलं.

त्यानं तिथंच नमुना काढून दाखवला. लॅपटॉपवर काहीतरी टाइप केलं आणि बापू माझ्या पाठीमागून म्हणाले, "च्या घेनार का?"

"नको," मी म्हणालो.

तोंडातून निघून गेलं. तो पोट धरून हसला. मी मागे वळून बघितलं. मागे भिंत होती आणि भिंतीला वाळत घातलेले साहेब, ओळीनं, एकाच मापाचे. तरी मी त्याला थांबवलं नाही.

त्या आठवड्यात वस्तीवर बैठक झाली. मीही गेलो. बापू घोंगड्यावर बसले आणि म्हणाले, "म्या दोनदा सांगितलं, ते इमानानं सांगितलं. आता माझंच मन एका जागी नाय. म्हनून कुनाला काय सांगत नाय." लोक बराच वेळ बसून राहिले. त्यांना सवय नव्हती. मी मुक्कामाला थांबलो.

सकाळी उजाडताना बापू वाघुरीपाशी, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीपाशी, शेळीची धार काढत होते. मी जरा अंतरावर दात घासत होतो. तेवढ्यात पलीकडच्या घरातून बापूंची हाळी आली. "हाऽऽ येऽ ये."

धार थांबली. बापूंचं तोंड मिटलेलं होतं. मी त्यांच्याकडेच बघत होतो.

हाळीमागून त्याच आवाजात बोलणं सुरू झालं. "मी तुमचा बापू बोलतोय. आपलं मत साहेबाला. इसरू नका." ते संपायच्या आत दुसऱ्या घरातून हाळी उठली, मग तिसऱ्या, मग लिंबाखालच्या घरातून. सगळ्यांच्या फोनवर एकाच वेळी निरोप आला होता, आणि जो तो आपापल्या वेळी लावत होता. बापू इकडे बोलायला लागायचे, तिकडे मध्येच तुटायचे, तिसरीकडे पुन्हा पहिल्यापासून हाका मारायचे. आमच्या वस्तीत त्या सकाळी बापू दहा-बारा घरांत बोलत होते आणि खरे बापू चरवी धरून गप्प उकिडवे बसले होते.

जाळीतली मेंढरं उठून उभी राहिली. पहिल्या हाळीला सगळ्या माना पूर्वेकडे गेल्या, दुसरीला मागे, तिसरीला लिंबाकडे. मग ती जागच्या जागी फिरायला लागली, एकमेकांना घासत, आवाज न करता. मी मेंढरांत वाढलोय. गोंधळलेला कळप ओरडतो. तो कळप ओरडत नव्हता. खोपटावरच्या फ्लेक्सवर दव होतं, आणि खाली कोकरं वर बघत उभी होती.

शेजारची म्हातारी फोन हातात घेऊन आली. "कारभारी, राती एक अन् सकाळी एक?"

"म्या नाय बोललो," बापू म्हणाले.

"आवं, आवाज तर तुमचाच हाय की."

बापूंनी फोन कानाशी धरून तीनदा ऐकलं. आयुष्यभर ज्या कानावर ते चालले, त्या कानानं त्यांना खोटं कसं सांगावं? "व्हय," ते हळूच म्हणाले, "आवाज माझाच हाय." मग माझ्याकडे वळले. "ह्ये मी कवा बोललो रं? डोळ्याला पट्टी व्हती, तवा गुंगीत बोललो का?"

मी म्हणालो, "मला काय माहीत."

मी आयुष्यात बरंच खोटं बोललोय, पण बापूंच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जी भीती होती, ती मी तशीच राहू दिली. आपण म्हातारे झालो, आपलं तोंड आपल्या नकळत बोलतंय, असं त्यांना वाटत होतं. एका वाक्यात मी त्यांना सोडवू शकत होतो.

दुपारी त्यांनी मला माळावर नेलं. मेंढरं पांगून चरत होती. बापू म्हणाले, "फोन त्या धोंड्यावर ठिव. लाव त्ये." मी आवाज पूर्ण चढवून लावलं आणि आम्ही दोघं पन्नासेक पावलं मागे येऊन बसलो.

हाळी आली तशी सगळ्या कळपानं मान वर केली. मग एकेक करत मेंढरं निघाली आणि त्या धोंड्याभोवती जमली, दाटीनं. पुढचं बोलणं त्यांना ऐकवत फोन वाजत राहिला. "इसरू नका," तो म्हणाला आणि गप्प झाला. मेंढरं तिथंच थांबली. बापूंनी इकडून आपली रोजची हाळी घातली, मोठ्यानं. निम्मा कळप वळला. निम्मा धोंड्यापाशीच राहिला. वळलेलीही चार पावलं येऊन मध्येच उभी राहिली आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघू लागली.

बापूंनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "ही हाळी माळावरची नाय."

मी पायाखालचं गवत उपटत बसलो.

"माळावर इतक्या हळू कोन हाळी घालतंय? वाऱ्यात हात-दोन हातसुदिक जानार नाय. अशी मी एकाच जागी घातली. तुझ्या घरी. नातीच्या कानात." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "मेंढरं आवाजाला फसली. मीबी फसलो. पर लाड कुनाचा, त्यो मला कळतो. तूच दिलास न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो. शहरात गेल्यापासून मी व्हय म्हणत नाही. त्या वेळी दुसरा शब्द आलाच नाही.

वाटलं, काठी पाठीत घालतील. घातली असती तर बरं झालं असतं.

ऊन कलल्यावर पुन्हा बैठक बसली. गवंडीबाबाही आले. मशीननं असा आवाज काढता येतो, हे त्यांना शहरात कळलं होतं आणि ते त्यांनी सगळ्यांना समजावलं. लोक पेटले. म्हातारी म्हणाली, "मंग आवाज दिला कुनी? ज्याच्या घरातून ह्ये निघालं त्या घराला बैठकीत जागा नाय." दोघा-तिघांनी माझ्याकडे बघितलं. शहरातला, फ्लेक्सवाला, साहेबांचा माणूस. कोडं काही अवघड नव्हतं.

घोंगडं अंथरलेलं होतं. बापू आले, त्यांनी वाकून त्याचं एक टोक धरलं, ते गुंडाळलं आणि बाजूला ठेवलं. मग मातीत बसले. उकडतंय म्हणून घोंगडं सारलं असेल, असं कुणाला वाटलं असेल. गवंडीबाबांनी मात्र माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"मशीन-बिशीन काय नाय," बापू म्हणाले. "म्याच बोललो. मन फिरलं."

आणि ते त्यांनी त्याच आवाजात सांगितलं, नातीच्या कानात सांगतात तशा हळू आवाजात. मला आधी वाटलं, पुन्हा कुणीतरी फोन लावला. मी त्यांच्या ओठांकडे बघितलं. ओठ हलत होते.

त्यानंतर वस्तीनं कुणाला मत दिलं, मला माहीत नाही. एकगठ्ठा नव्हतं, एवढं नक्की. साहेबांचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे, आणि त्यांचं बरंवाईट बापूंच्या एका वस्तीनं होणारही नव्हतं. बापूंचं मात्र झालं. राती एक अन् सकाळी एक बोलणारा माणूस, असं आता त्यांच्याबद्दल म्हणतात. पुढचं बांधाचं भांडण वस्तीनं त्यांच्याकडे आणलं नाही, थेट पोलीस चौकीत नेलं. मेंढरांना ते हाळी घालत नाहीत, काठी आपटतात. फोन उचलतात पण बोलत नाहीत. मी इकडून बोलत राहतो, तिकडून नुसती मेंढरांची घुंगरं ऐकू येतात.

पुढच्या वेळी वस्तीवर गेलो तेव्हा त्यांनी घोंगडं माझ्या गाडीला बांधून दिलं. मी म्हणालो, "बापू, हे इथलं आहे."

त्यांनी माझं मनगट धरलं. आता बोलायच्या आधी ते समोरच्याचं मनगट धरतात, माणूस खरंच समोर आहे ना हे चाचपल्यासारखं. "इथं त्याच्यावर बसायला आता कोनी ऱ्हायलं नाय," ते म्हणाले. "तू बस कवातरी."

दुकानात ते बरेच महिने गुंडाळून ठेवलेलं होतं. लेकीनं एकदा अंथरलं तर मी तिच्यावर उगाच खेकसलो. येत्या रविवारी वस्तीवर बैठक आहे, आणि मी ते घेऊन जाणार आहे. बापूंना कळवलेलं नाही, कारण कळवलं तर ते येऊ देणार नाहीत. तिथे लोकांसमोर बोलता आलं नाही तर निदान एकदा तरी सगळं सलग सांगून झालेलं असावं, म्हणून हे लिहिलं. आज सकाळी शटर अर्धं ओढून घेतलं, घोंगडं जमिनीवर पसरलं आणि त्यावर बसून लिहिलं. फार टोचतं.